कागद अडला पाहिजे

"कागद सुटतोय," असं मला एका म्हाताऱ्या माणसाने सांगितलं होतं. हळू आवाजात, एकदाच. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्या क्षणी माझ्या अंगावर एक हिरवा बुडबुडा बरोबर मधोमध उभा होता, तीन माणसं माझं कौतुक करत होती, आणि कौतुक चालू असताना कोण कोणाचं ऐकतं?

मित्रांनो, मी एक जुनी जोडफळी आहे. इजिप्तमधल्या दुमयात गावातल्या सुतारांच्या गल्लीत, एका मोठ्या करवतीच्या मागे मी कितीतरी वर्षं उभी आहे. ही करवत म्हणजे हाताने ओढायची नव्हे. लोखंडाचं एक गुळगुळीत मेज असतं, त्याच्या फटीतून गोल दातेरी पातं वर आलेलं असतं आणि ते विजेवर फिरतं. आमच्याकडे त्या मेजाला थाळी म्हणतात. सुतार पुढून लाकूड ढकलतो, पातं ते चिरतं, आणि चिरलेलं लाकूड मागे सरकत जातं. मागे काही नसेल तर ते आपल्याच वजनाने खाली कलंडतं. ते कलंडू नये म्हणून थाळीच्या मागच्या कडेला मला जोडलं आहे. काम साधं आहे. पण साध्या कामाचीच लोक फार कमी चौकशी करतात.

मी जन्माला आले ती मात्र कपाटाचं दार म्हणून. समुद्रापलीकडून आलेलं घट्ट, गुलाबीसर झान लाकूड, दोन हात रुंद, पुरुषभर उंच. मन्सूरा शहरातल्या एका नवरीसाठी उस्ता मुतवल्लींनी (उस्ता म्हणजे आमच्याकडे मुरलेला कारागीर) मला आणि माझ्या जोडीदारणीला घडवलं. रंधा मारून झाल्यावर ते माझ्यावरून उलटा हात फिरवायचे. त्यांच्या डाव्या हाताची दीड बोटं नव्हती. उरलेल्या साडेतीन बोटांना जे कळायचं ते इतरांच्या पाच बोटांना कळत नसे. मी अगदी तयार झाले, आणि नवरीने ऐनवेळी आरशाची दारं मागितली. झालं. माझी जोडीदारीण गच्चीवरच्या कबुतरांच्या खुराड्याला लागली. मी भिंतीला टेकून धूळ खात राहिले. लग्नाला म्हणून नटवलं आणि दारातच बसवून ठेवलं, अशी माझी गत.

मग एक दिवस उस्तांचा चुलतभाऊ कुवेतला गेला. थाळीच्या मागे उभं राहून लाकडं धरायचं काम तो करायचा. आता धरायला कोणी नाही. उस्तांनी दुकानभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

"चल गं," ते म्हणाले. "उभं राहून कंटाळलीस. आता आडवी हो."

त्यांनी मला आडवं केलं, खाली चार पाय बसवले, थाळीच्या कडेला चार बोल्टनी जोडलं आणि अंगावर मेणबत्ती घासून मला गुळगुळीत केलं. मग त्यांनी काय केलं, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांच्याकडे माणसापेक्षा उंच एक काठी होती. तिची एक कड अगदी सरळ, सुईच्या टोकाएवढाही बाक नाही. ती काठी त्यांनी अर्धी थाळीवर आणि अर्धी माझ्यावर अशी लांबीने ठेवली. खिशातून सिगारेट वळायचा पातळ कागद काढला आणि काठीखाली सरकवून पाहिला. थाळीवर, आमच्या सांध्यावर, मग माझ्या मध्यावर, मग टोकाला. जिथे कागद सहज निसटला तिथे खाली पोकळी. जिथे कागद फाटला तिथे जास्तच दाब.

"कागद अडला पाहिजे," ते पुटपुटत होते, "पण फाटता कामा नये."

दर शनिवारी सकाळी, आठवड्याचं पहिलं लाकूड लावण्याआधी, ते हेच करायचे. आणि मी थाळीची सख्खी बहीण झाले.

काय दिवस होते ते! आमचं दुकान अरुंद आहे, म्हणून थाळीची पाठ दाराकडे. लांब फळी चिरायला घेतली की ती माझ्यावरून सरकत दाराबाहेर गल्लीत डोकावायची. येणारे जाणारे ती डोकावली की आपसूक बाजूला व्हायचे. समोरचा सब्री पॉलिशवाला ओरडायचा, "उस्ता, तुमची फळी माझा चहा पिऊन जाईल एक दिवस!" दुपारी माझ्यावरच कागद पसरून फूल नावाची शेंगदाण्यांची उसळ, पांढरं चीज आणि कांदा खाल्ला जायचा. किती पलंग, किती कपाटं, किती जणींचे संसार माझ्या अंगावरून गेले ते मला सांगता येणार नाही. एक मात्र अभिमानाने सांगते. त्या सगळ्या वर्षांत आमच्या थाळीवर कोणाचं रक्त सांडलं नाही. उस्तांची बोटं गेली ती माझ्याआधी.

आमच्या गल्लीत ही काही लहान गोष्ट नाही. इथे चार उस्ता एका बाकावर चहाला बसले की बोटं पस्तीसच्या आतच भरतात. नवा माणूस आला की नाव विचारण्याआधी विचारतात, "किती?" दहा म्हणाला तर हसतात. "अजून शिकतोय वाटतं!"

म्हणूनच गल्लीत एक रीत आहे. थाळीवर माणूस उभा असताना त्याला हाक मारायची नाही. सलामसुद्धा करायचा नाही. एरवी सलाम केला नाही तर लोक वर्षभर अबोला धरतील. पण पातं फिरत असेल तर आलेला माणूस दारात मुकाट उभा राहतो. हाक ऐकून मान वळते, आणि मान वळली की हात वळतो.

उस्तांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि दुकान त्यांच्या मुलाकडे, रिफअतकडे आलं. रिफअतचा हात वडिलांसारखाच, वेग दुप्पट. बोटं दहा. त्याची बायको नश्वा मन्सूराच्या कॉलेजातून पदार्थविज्ञान शिकलेली, शाळेत शिकवायची. मुलगी झाली, शहद, आणि तिने नोकरी थांबवली. तेव्हापासून दुकानात आणखी दोन डोळे आले. कडेवर मूल घेऊन ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राही आणि बघत राही. कुठे वायर उघडी आहे, कुठे खिळा वर आला आहे, शहदच्या हाताला काय लागेल. रिफअत सब्रीला म्हणायचा, "माझी बायको जेवताना माझ्याकडे बघत नाही. मी रोटी मोडतो आणि ही बोटं मोजते."

"मग जेवायला किती वाढते?"

"दहा बोटांचं."

"तर मग तक्रार कसली?"

आता माझ्या चुकीकडे येते.

आमची गल्ली नगरपालिकेने पुन्हा एकदा डांबरली. दर वेळी जुन्यावरच नवा थर चढतो, गल्ली वर येते आणि दुकानं खाली जातात. त्या हिवाळ्यात वादळी पाऊस आला तेव्हा गल्लीतलं पाणी सरळ आत शिरलं. भुसा तरंगायला लागला. रिफअतने उंबऱ्यावर संगमरवराची जाड लादी बसवून तो उंच केला. पण माझे मागचे दोन पाय त्याच उंबऱ्यावर उभे होते! लादी बसल्यावर माझं टोक वर गेलं. थाळीशी माझा मेळ तुटला.

"पाय कापून टाकतो," रिफअत म्हणाला. "किती कापायचे तेवढं कळलं की झालं."

"थांब," नश्वा म्हणाली आणि वरून पाणसळ घेऊन आली. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला तिनेच ती त्याला भेट दिली होती. काचेच्या नळीत हिरवं पाणी, पाण्यात बुडबुडा. जमीन सपाट असली की बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबतो. रिफअत पाय थोडा थोडा कापत गेला, ती पाणसळ माझ्यावर ठेवत गेली.

"अजून. अजून जरासं. बस! आता आडवी ठेवून बघू. हं. बघ, जागचा हलत नाही."

"हिने पदार्थविज्ञान केलंय," रिफअत सब्रीला म्हणाला.

"माझ्या बायकोनेही काहीतरी केलंय," सब्री म्हणाला. "काय ते विचारायची मला बंदी आहे. पण काम झकास झालं हां. मखमलीसारखं!"

आणि मी फुगले. मित्रांनो, इतकी वर्षं मला कोणी झकास म्हटलं नव्हतं. साध्या सिगारेटच्या कागदाने मोजलेली मी, आज काचेच्या नळीने मोजली गेले.

तेवढ्यात भिंत चाचपत उस्ता आले. त्यांनी ती लांब काठी आमच्या दोघींवर ठेवली, कागद काढला, आमच्या सांध्यापाशी काठीखाली सरकवला. कागद आत गेला आणि तसाच निसटून बाहेर आला.

"कागद सुटतोय," ते म्हणाले.

"काका, बुडबुडा अगदी मधोमध आहे," नश्वा म्हणाली. सासऱ्यांना ती काकाच म्हणते.

"बुडबुडा मला दिसत नाही, पोरी. कागद हाताला लागतो."

"बाबा, हात थरथरतो तुमचा आजकाल," रिफअत म्हणाला. "त्याने सुटला असेल."

तो वाईट हेतूने नाही बोलला. घाईत होता. पण उस्तांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "घरात इंजिनियरबाई आहेत. म्हाताऱ्याने वर बसावं आणि कबुतरं मोजावीत."

ते जिना चढून गेले. त्यानंतर कितीतरी शनिवार ते खाली आले नाहीत. आणि मला त्यांची आठवणही झाली नाही. मला बुडबुडा पुरेसा होता.

पुढे काय होत गेलं ते सांगते. तुमचे दोन्ही तळवे एकमेकांना लावून पुस्तकासारखे उघडा. पूर्ण सपाट करू नका, किंचित कमी उघडा. आता त्यांवर एक लांब पट्टी ठेवा. पट्टी दोन्ही टोकांना टेकते, पण मधे, जिथे तळवे जुळतात, तिथे अधांतरी राहते. हो ना? थाळी आणि मी नेमक्या तशा झालो होतो. आखूड लाकडाला काही कळत नसे. पण लांब फळी माझ्यावर पुढे सरकली की तिचं पोट थाळीवरून उचललं जायचं. आणि आमचा सांधा पात्याच्या पाठीमागे हातभरावरच आहे. म्हणजे फळी उचलली जायची ती बरोबर पात्यापाशी.

फळी उचलली की सुतार काय करतो? दाबतो. रिफअत डाव्या हाताने दाबायला लागला. पहिल्या दिवशी हात पात्यापासून वीतभर दूर होता. आठवड्याने चार बोटं. सवय अशीच पुढे सरकते, एकेका बोटाने. चिरलेल्या कडा काळ्या पडायला लागल्या, जळका वास यायला लागला. पात्यात लाकूड अडकायला लागलं की असं होतं.

"लाकूडच वाईट निघालं यंदा," रिफअत म्हणायचा.

मीही तेच म्हणायचे. खरं तर माझ्या अंगावर फळी कशी चढते ते मला सर्वांत आधी कळत होतं. पण मी सपाट होते ना! मग दोष माझा कसा असेल?

हिवाळ्याच्या अखेरीस हज करून आलेल्या हाज्जा इन्शिराहच्या मुलीच्या लग्नाचं काम आलं. पलंग, कपाट, आरसा, सगळं. गुरुवारी सामान मिरवत न्यायचं ठरलेलं. हाज्जा दर दिवसाआड दारात येऊन उभी राहायची.

"रिफअत, माझ्या पोरीला जमिनीवर झोपवणार आहेस का?"

"हाज्जा, गुरुवारी गाड्या भरून देतो."

"सुताराचा गुरुवार आणि धोब्याचा उद्या, दोन्ही मला माहीत आहेत. काय ते आत्ता सांग!"

मंगळवारी दुपारच्या आधी पलंगाच्या लांब पट्ट्या चिरायला घेतल्या. जड झान लाकूड, सात हात लांब. नश्वा चहाचा ट्रे एका हातात आणि शहदला कडेवर घेऊन खाली आली. शेवटच्या पायरीवर थांबली. पातं फिरत होतं.

तिने बघितलं. पट्टी पुढे सरकली, माझ्यावर चढली, पात्यापाशी फुगून वर आली. रिफअतने डावा हात पुढे टाकून ती दाबली. पात्यापासून दोन बोटं. पट्टी तरीही उचलली जात होती. त्याने अंगाचा भार टाकला. हात घसरला, एकच बोट अंतर उरलं.

नश्वाने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारायची नाही. तिने ट्रे पायरीवर ठेवला. पेला वाजूसुद्धा दिला नाही. शहदचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि भिंतीच्या कडेने, त्याच्या नजरेत न येता, मुख्य बटणापर्यंत गेली. किती पावलं असतील? सहा. मला ती सहा पावलं आजही ऐकू येतात. तिने बटण खाली ओढलं.

पात्याचा आवाज उतरत गेला. पट्टीने एकदा उडी मारली आणि निपचित पडली.

"कोण आहे ते!" रिफअत गरजला. "अर्ध्यात थांबवलं! सगळी पट्टी वाया... नश्वा?"

"हात दाखव."

"वेड लागलं का तुला? गुरुवारी..."

"हात दाखव, रिफअत."

त्याने हात वर केला. पाचही बोटं होती. करंगळीच्या नखाचं टोक मात्र नव्हतं. रक्ताचा थेंब नाही. न्हाव्याने कापावं तसं नख सरळ कापलं गेलं होतं. रिफअत त्या नखाकडे बघत राहिला. मग माझ्याच कडेवर टेकून बसला.

नश्वा रडली नाही. ओरडली नाही. शहदला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि जिना चढायला लागली. आमचा जिना दुकानाच्या पाठीमागूनच वर जातो, आणि वरचं बोलणं विहिरीत पडावं तसं खाली येतं.

"काका, खाली चला."

"का? बुडबुडा फुटला?"

"काका, ऐका ना..."

"मी रेडिओ ऐकतोय."

"रेडिओ बंद आहे, काका."

कबुतरांची घुमघुम तेवढी.

"नख गेलं रिफअतचं," नश्वा म्हणाली. "करंगळीचं. नुसतं नखच."

त्यावर आली ती त्यांची चालायची काठी. पायरी पायरीवर टक, टक, टक. म्हातारा माणूस तीन मजले इतक्या लवकर उतरू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

खाली येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं? मुलाचा हात धरला. डोळे कोरे, नजर छताकडे, आणि एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत दाबत मोजलं. दुसरा हात घेतला. तोही मोजला.

"दहा," ते म्हणाले. मग म्हणाले, "गाढवा."

"हो, बाबा."

मग ती लांब सरळ काठी आमच्यावर ठेवली गेली. कागद सरकवला. सांध्यापाशी तो वाऱ्यासारखा सुटला.

"काका," नश्वा म्हणाली, "का सुटतो ते मला सांगा. मी बुडबुडा नीट पाहिला होता. शप्पथ."

"तुझी ती हिरवी नळी आण. आता थाळीवर ठेव. जोडफळीवर नको, थाळीवर."

तिने ठेवली. बुडबुडा जो पळाला तो दारापासून दूर, पार नळीच्या टोकाला जाऊन बसला. नश्वा बघतच राहिली.

"थाळीच उताराला आहे!"

"असणारच. जमीनच उताराला आहे. तुझ्या सासूला रोज फरशी धुवायची असायची. म्हणाली, पाणी आपलं आपण दाराबाहेर गेलं पाहिजे, मी उपसत बसणार नाही. मी फरशी दाराकडे उतरती केली, थाळी तिच्यावर बसली, आणि जोडफळी थाळीसारखीच तिरकी लावली. तिरकी तर तिरकी, पण दोघी एका रेषेत."

"आणि मी हिला एकटीलाच सपाट केलं," नश्वा हळूच म्हणाली. "बुडबुडा बरोबर सांगत होता. मी त्याला भलताच प्रश्न विचारला. हिचा मेळ जमिनीशी नाही, थाळीशी घालायला हवा होता." मग तिने मान वर केली. "पण काका, तुम्ही हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं?" उस्ता म्हणाले. मग चालायच्या काठीवर दोन्ही हात टेकवले. "नाही, ते खरं नाही. मला राग आला होता. राग धरायचा तर माणसाने जेवणावर धरावा, पात्यावर नाही. ते माझं चुकलं, पोरी."

मला वाटलं, चूक कबूल करायची आज सगळ्यांची वेळ आहे तर माझीही आहे. पण मला तोंड कुठे आहे? मी फक्त माझे बोल्ट सैल करू दिले.

दुरुस्तीला चहा गार होण्याइतकाच वेळ लागला. चारही बोल्ट अर्धा अर्धा फेरा ढिले केले. माझी कड थाळीच्या कडेला आणून कागद अडेपर्यंत टेकवली. एका बोल्टपाशी केसभर उणं होतं, तिथे सार्डिनच्या डब्याचा पत्रा कापून घातला. मग मागचे पाय.

"किती कापू?" रिफअतने विचारलं.

"दोन बोटं," उस्ता म्हणाले. "लाकडाची काप हवी तेवढी."

कितीतरी दिवसांनी दुकानात हसू आलं. कापलेल्या पायांखाली त्यांनी जाड बोल्ट उलटे बसवून घेतले, म्हणजे उंबरा पुन्हा उंच झाला तरी नुसते फिरवून मला वर-खाली करता येईल. शेवटी नश्वाने स्वतः कागद सरकवला, थाळीवर, सांध्यावर, मध्यावर, टोकाला.

"अडतो," ती म्हणाली. "इथेही अडतो. इथेही."

"फाटत नाही ना?"

"नाही."

"मग झालं. शिकलीस."

बटण वर गेलं. नवी पट्टी थाळीवरून माझ्यावर आली आणि मला ती आल्याचं कळलंच नाही, इतकी अलगद. पोट उचललं नाही, जळका वास नाही. रिफअतचा डावा हात दूर, जिथे असायला हवा तिथेच राहिला. उजव्या हातात उस्तांनी त्याला एक खाच पाडलेली काठी दिली होती, शेवटचं लाकूड तिने ढकलायला. दारात हाज्जा इन्शिराह मुकाट उभी होती. पातं थांबेपर्यंत तिने सलाम केला नाही. थांबल्यावर मात्र गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं, "गुरुवार आहे ना रे?"

गुरुवारी तीन गाड्या भरून सामान गेलं. भोंगे, ढोल, पलंगावर बसून टाळ्या पिटणाऱ्या मावश्या! हाज्जाने मुशब्बकचा, म्हणजे आमच्याकडच्या जिलबीचा, खोका माझ्यावरच उघडला. त्या पाकाचा डाग अजून माझ्या डाव्या कोपऱ्यावर आहे. कोणी घासायला आलं तर मी मनातून म्हणते, राहू दे.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. शहद शाळेत जाते. नश्वा पुन्हा शिकवायला लागली. रिफअतची बोटं अजून दहा आहेत, आणि "किती?" असं विचारल्यावर तो छाती काढून सांगतो. माझी एक कड उडाली आहे, मेण वरचेवर लावावं लागतं. म्हातारी झाले, पण थाळीशी एका रेषेत आहे. कारण दर शनिवारी सकाळी उस्ता खाली येतात. लांब काठी आमच्यावर ठेवतात, कागद सरकवतात, आणि म्हणतात, "अडतोय. चालू द्या." त्याशिवाय आमचं पातं फिरत नाही.

मित्रांनो, आज शनिवार आहे.

रिफअत पहाटेच बंदरावर लाकूड उतरवून घ्यायला गेला. बाबा झोपलेत, उठवायला नको, असं त्याला वाटलं. नश्वा आणि शहद गुरुवारपासून फारिस्कूरला आहेत, तिच्या आईला बरं नाही म्हणून. बाबांजवळ रिफअत आहे, असं तिला वाटतं. सब्री दाराच्या फटीतून डोकावून गेला, दुकान बंद बघून म्हातारा आज आराम करतोय असं त्याला वाटलं. प्रत्येकाला काहीतरी वाटलं आणि प्रत्येक जण आपल्या कामाला लागला. मलाही एकदा सगळं ठीक आहे असंच वाटलं होतं. त्याची किंमत एका नखावर भागली हे आमचं नशीब.

दुपारच्या नमाजाची बांग होत आली. जिन्यावरून काठीचा आवाज अजून आलेला नाही. रात्री नदीवरून दमट वारा सुटला होता, मी केसभर फुगले आहे, आणि ते ओळखणारा एकच हात या घरात आहे.

तुमच्याही घरात, तुमच्याही जिन्यावर असं कोणी असेल. ज्याचं बोलणं तुम्ही घाईत उडवून लावलं, आणि जो त्यानंतर फारसा खाली आला नाही. त्याच्याकडे आजच जाऊन या. पण आधी माझं एक काम करा. मला चार पाय आहेत, तरी जिना चढता येत नाही. तुमच्यापैकी कोणीतरी वर जाऊन बघा. तिसरा मजला, निळं दार. त्यांना आताशा कमी ऐकू येतं, म्हणून जरा जोरात वाजवा. उघडायला वेळ लागला तरी थांबा, परत फिरू नका. आणि आतून रागाने विचारलं, "काय आहे?" तर एवढंच सांगा.

सांगा, खाली कागद सुटतोय.